पैसे तर द्यायचेच आहेत, मग कोर्टात कशाला जायचं? कर्जवसुलीचा दावा आणि एकतर्फी हुकूमनामा

कर्जवसुलीचं समन्स हातात पडलं की बहुतेकांना आधी लाज वाटते. पैसे घेतलेत हे खरं, हप्ते थकलेत हेही खरं, मग कोर्टात उभं राहून सांगायचं काय? कागद कपाटात जातो आणि तारीख उलटते. मग एके दिवशी कळतं की बँकेतलं खातं गोठवलंय किंवा पगाराला कात्री लागलीय. मधल्या काळात कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे आपल्या गैरहजेरीत फक्त समोरच्याचं ऐकून दिलेला वसुलीचा निकाल, देऊन टाकलेला असतो.

हा लेख भारतातल्या दिवाणी दाव्यांबद्दल, म्हणजे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेखाली चालणाऱ्या कामांबद्दल आहे. सहकारी पतसंस्था, डीआरटी (बँकांच्या कर्जवसुलीसाठीचं न्यायाधिकरण) आणि लवाद (करारानुसार कोर्टाबाहेर वाद मिटवणारा) यांच्या वाटा निराळ्या आहेत, त्यांच्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

गैरहजर राहिल्याने काय जातं

एकतर्फी हुकूमनामा म्हणजे काहीतरी कच्चा, तात्पुरता निकाल असा समज आहे. तसं नाही. दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या हुकूमनाम्याइतकाच तो पक्का असतो. बारा वर्षांपर्यंत त्याची अंमलबजावणी मागता येते आणि रकमेवर व्याज चालू राहतं. वसुलीची दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल झाल्यावर ‘व्याज जास्त लावलंय’, ‘मी भरलेले हप्ते धरलेच नाहीत’, ‘दावा मुदतबाह्य होता’ असं काहीही सांगितलं तरी दरखास्त चालवणारं कोर्ट त्यात शिरत नाही. हे सांगायची जागा दाव्यात होती आणि तेव्हा आपण तिथे नव्हतो.

मुदतीचंच बघा. विनातारण कर्जाच्या वसुलीला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. कर्जदाराने मध्येच लेखी कबुली दिली किंवा काही रक्कम भरली, तर ती नव्याने मोजली जाते. मुदत संपलेला दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळावा असं मुदतीचा कायदा सांगतो. पण कोर्टासमोर असतात त्या फक्त वादीने लिहिलेल्या तारखा. अमुक दिवशी भरणा झाला म्हणून मुदत वाढली असं दाव्यात लिहिलं असेल आणि तो भरणा झालाच नसेल, तर हे सांगणार कोण?

आणि ज्यांना सगळी रक्कम मान्य आहे, त्यांनी तर आवर्जून जावं. संहितेच्या विसाव्या आदेशातला अकरावा नियम फार कमी लोकांना माहीत असतो. पैशाचा हुकूमनामा देतानाच, पुरेसं कारण दिसलं तर, रक्कम हप्त्यांनी भरायची सवलत कोर्ट देऊ शकतं. हुकूमनामा होऊन गेल्यावर मात्र हप्ते मिळवायला वादीची संमती लागते. म्हणजे कर्ज खरं आहे म्हणून घरी बसलेला माणूस त्याच्या सर्वात उपयोगाची सवलत गमावून बसतो. ‘माझं म्हणणं काहीच नाही’ असं म्हणणाऱ्यालाही एवढं तरी म्हणणं असतंच.

पायरी १ : कागद ओळखा

वकिलाची नोटीस म्हणजे समन्स नव्हे. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून हुकूमनामा होत नाही, पण उत्तर दिलेलं पुढे कामी येतं. दावा दाखल होण्याआधी लोकअदालतीची जी नोटीस येते ती तडजोडीचं बोलावणं असते. गेलात नाहीत तर तिथे एकतर्फी काही ठरत नाही. कोर्टाचं समन्स वेगळं दिसतं. त्यावर कोर्टाचं नाव, दावा क्रमांक, हजर राहायची तारीख, सही-शिक्का असतो आणि सोबत दाव्याची प्रत असते.

चेक न वटल्याचं, म्हणजे १३८ कलमाचं समन्स फौजदारी कोर्टाचं असतं. तिथे गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकतं. ते दिवाणी दाव्यात मिसळू नका. एकाच कर्जासाठी दोन्ही कामं एकाच वेळी चालू असू शकतात.

मोबाईलवर आलेला कागद खरा की खोटा, हा आता रोजचा प्रश्न आहे. वसुलीवाले कधी कधी कोर्टाच्या कागदासारखे दिसणारे कागद पाठवतात, आणि त्यात फसवणूक करणारेही असतात. म्हणून थेट फेकून देऊ नका आणि घाबरून पैसेही पाठवू नका. ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर दावा क्रमांक, सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक किंवा पक्षकाराचं नाव टाकून शोधा. तिथे सापडला नाही तर त्या कोर्टाच्या कार्यालयात जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवरचं काही खरं नसतं, असं मात्र धरून चालू नका. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या वसुलीच्या कामात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं होतं, कारण ती नुसती पोचलीच नव्हती, तर उघडूनही पाहिली गेली होती.

पायरी २ : समन्स चुकवू नका

बेलिफ आला की घरात नाही म्हणून सांगायचं, पोस्टमनला ‘घेत नाही’ म्हणायचं, हा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. हा सल्ला बुडवतो. रजिस्टर पोस्ट नाकारल्याचा शेरा आला की कोर्ट समन्स बजावलं गेलं असं जाहीर करतं. बेलिफाकडून घ्यायला नकार दिला तर तो दाराला चिकटवून पंचांसह अहवाल देऊ शकतो. तुम्ही घरी नसाल तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान माणसाला, बाई असो वा पुरुष, दिलेलं समन्स चालतं. घरकामाला येणाऱ्या माणसाला दिलेलं मात्र चालत नाही, कारण नोकर कुटुंबात धरला जात नाही. हा बारकावा पुढे हुकूमनामा रद्द करून घेताना उपयोगी पडतो.

समन्स चुकवत राहिलं तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन पर्यायी बजावणी होते, आणि ती जाहिरात आपण वाचलेली नसते. पत्ता बदलला असेल तर धोका दुप्पट. जुन्या पत्त्यावर कागद फिरत राहतात. कर्ज थकलेलं असताना घर बदललंत तर कर्ज देणाऱ्याला नवा पत्ता लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. अधूनमधून ईकोर्ट्सवर स्वतःचं नाव टाकून पाहायला काही पैसे पडत नाहीत.

पायरी ३ : घड्याळ कुठलं लागू आहे ते पाहा

इथे घोटाळा झाला की पुढचं सगळं कठीण होतं, म्हणून जरा थांबून वाचा. दाव्याच्या पहिल्या पानावर दाव्याचा प्रकार लिहिलेला असतो. तो कुठला यावर तुमच्या हातातले दिवस ठरतात.

साधा दिवाणी दावा असेल तर समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायची. कारण दाखवलं तर कोर्ट ही मुदत एकूण ९० दिवसांपर्यंत वाढवतं. त्यानंतरही क्वचित परवानगी मिळते, पण ती सबळ कारण दाखवल्यावर आणि बहुतेकदा खर्चाची रक्कम भरून.

व्यापारी दावा असेल, म्हणजे धंद्यासाठीचं कर्ज आणि दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्याहून जास्त, तर १२० दिवस ही शेवटची रेघ. १२१ व्या दिवशी कैफियत देण्याचा हक्कच संपतो. ही मुदत सक्तीची आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तिथे आजारपण, वकील गावाला, काही चालत नाही.

सर्वात फसवा प्रकार समरी सूट, म्हणजे संहितेच्या सदतिसाव्या आदेशाखालचा दावा. वचनचिठ्ठी, हुंडी किंवा लेखी करारावरून ठरलेली रक्कम मागताना वादी हा मार्ग घेऊ शकतो. इथे कैफियतीच्या ३० दिवसांची वाट पाहत बसलात तर सगळं संपलेलं असेल. समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवायची आणि कागद पाठवायला आपला पत्ता द्यायचा. त्यानंतर वादी निकालासाठीचं दुसरं समन्स काढतो. ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत बचाव करण्याची परवानगी मागणारा शपथेवरचा अर्ज द्यायचा. पहिल्या दहा दिवसांत हजेरी नाही, तर दाव्यातला मजकूर तुम्हाला कबूल आहे असं धरून हुकूमनामा होतो. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. समन्सवर सदतिसाव्या आदेशाचा उल्लेख दिसला तर त्याच आठवड्यात वकील गाठा.

पायरी ४ : हजेरी लावा

वकील लावणं परवडत नसेल तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे. वकील ठरेपर्यंत तारीख आली तर स्वतः जा. पुकारा झाला की उभं राहून नाव सांगा आणि कैफियतीसाठी मुदतीचा अर्ज द्या. साध्या दाव्यात एवढ्यानेही एकतर्फी आदेश टळतो.

वकीलपत्रावर सही केली म्हणजे काम संपलं असं नाही. दर तारखेनंतर ईकोर्ट्सवर पुढची तारीख पाहा. ‘माझे वकील गेलेच नाहीत’ हे कारण कोर्ट कधी ऐकतं, कधी ऐकत नाही.

पायरी ५ : कैफियतीत काय लिहायचं

‘दाव्यातील मजकूर खोटा असून कबूल नाही’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. संहितेच्या आठव्या आदेशाप्रमाणे प्रत्येक मुद्दा नेमका नाकारावा लागतो. मोघम नाकारलेला किंवा सोडून दिलेला मुद्दा कबूल धरला जातो.

कर्ज खरं असलं तरी तपासायला पुष्कळ असतं. आधी खात्याचा पूर्ण उतारा मागा आणि स्वतःच्या बँक पासबुकाशी ओळ न ओळ ताडून पाहा. भरलेला प्रत्येक हप्ता जमेला धरलाय का? व्याजाचा दर करारात लिहिलाय तोच आहे का? दंडाबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सूचना काढल्या. दंडव्याज म्हणून व्याजदरच वाढवायचा आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावायचं, हे बंद झालं. त्या सूचना २०२४ पासून लागू झाल्या, मात्र क्रेडिट कार्डांना त्या लागू नाहीत.

कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर नव्या मालकाने हस्तांतराचा दस्त दाखवायला हवा, आणि त्या दस्तात तुमचं खातं असायला हवं. खाजगी सावकाराने दावा केला असेल तर परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी कायदा २०१४ नुसार कर्ज देताना वैध परवाना नव्हता असं दिसलं तर कोर्ट सावकाराचा दावा फेटाळतं. मुदतीचा मुद्दा वर आलाच आहे. शेवटचा हप्ता कधी भरला, त्यानंतर कशावर सही केली, हे तारखांनिशी लिहा. एजंटाच्या आग्रहाने जुन्या कर्जापोटी भरलेले पाचशे-हजार रुपये हा मुद्दा गुंतागुंतीचा करू शकतात. म्हणून काही भरण्याआधी आणि कशावरही सही करण्याआधी तारखा मोजा.

करारात लवादाचं कलम असेल तर ती हरकत पहिल्याच निवेदनात घ्यावी लागते, नंतर ती गेली. आणि हप्त्यांची सवलत हवी असेल तर ती कैफियतीतच मागा, सोबत पगाराचा किंवा उत्पन्नाचा कागद जोडा.

जामीनदारांसाठी एक गोष्ट. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते, आणि सावकाराने आधी कर्जदाराकडे जावं असं बंधन नसतं. ‘तो बघेल’ म्हणून गैरहजर राहिलेल्या जामीनदाराच्या पगारावर जप्ती येणं नवं नाही. नोकरी असलेला जामीनदार हा वसुलीसाठी सर्वात सोपा माणूस असतो.

पायरी ६ : एकतर्फी आदेश झालाय, हुकूमनामा नाही

ईकोर्ट्सवर ‘एकतर्फी’ असा शेरा दिसला म्हणून हात टेकू नका. तो आदेश आणि हुकूमनामा यांच्यामध्ये पुरावा आणि युक्तिवाद असतो. या काळात नवव्या आदेशाच्या सातव्या नियमाखाली, आधी न येण्याचं योग्य कारण देऊन, एकतर्फी आदेश रद्द करून मागता येतो. तो रद्द झाला नाही तरी ज्या टप्प्यावर काम आहे तिथून पुढे भाग घेता येतो, म्हणजे वादीच्या साक्षीदाराची उलटतपासणी आणि युक्तिवाद करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच हे सांगून ठेवलंय. युक्तिवाद संपून काम निकालावर ठेवलं गेलं की मात्र सातव्या नियमाचं दार बंद होतं.

पायरी ७ : हुकूमनामा झाला आहे

पहिलं काम नकला. निकाल, हुकूमनामा, रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद), बेलिफाचा अहवाल आणि पोस्टाचा शेरा, सगळ्यांसाठी नक्कल अर्ज द्या. तुमचं पुढचं सगळं म्हणणं याच कागदांतून निघणार आहे.

नवव्या आदेशाच्या तेराव्या नियमाखाली दोन कारणांवर हुकूमनामा रद्द होतो. समन्स रीतसर बजावलं नव्हतं, किंवा सुनावणीच्या दिवशी हजर राहता न येण्याला पुरेसं कारण होतं. बजावणीत बारीकसारीक चूक होती पण तारीख तुम्हाला माहीत होती आणि वेळही होता, तर ती चूक उपयोगाची नाही. कारणही त्या तारखेचं हवं. दोन वर्षांपूर्वीचं आजारपण चालणार नाही.

मुदत ३० दिवस. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्याच्या दिवसापासून. वर्तमानपत्रातून झालेली पर्यायी बजावणी या मुदतीपुरती रीतसर धरली जात नाही, त्यामुळे पेपरातली नोटीस न पाहिलेल्यांना इथे जागा आहे. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज द्या आणि कळलं कधी, कसं, हे दिवसागणिक लिहा. त्या काळात दुसरीकडे राहत होतात याला भाडेकरार, वीजबिल जोडा. दवाखान्यात होतात तर डिस्चार्ज कार्ड. सोबत प्रस्तावित कैफियतही जोडावी असं माझं मत आहे. कायदा ती मागत नाही, पण या माणसाकडे सांगण्यासारखं काही आहे हे न्यायाधीशांना दिसतं. खर्च भरण्याची किंवा काही रक्कम जमा करण्याची अट लागू शकते, तिची तयारी ठेवा.

या अर्जाने वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा. तेराव्या नियमाचा अर्ज फेटाळला तर त्यावर अपील आहे, आणि हुकूमनाम्यावरही ९६ कलमाखाली स्वतंत्र अपील करता येतं; जिल्हा न्यायालयात त्याची मुदत ३० दिवस. अपिलाचा निकाल लागून गेला तर तेरावा नियम मिळत नाही, म्हणून कुठलं पाऊल आधी हे वकिलाशी बोलून ठरवा. समरी सूटमधल्या हुकूमनाम्याला तेरावा नियम नाही, सदतिसाव्या आदेशाचा चौथा नियम आहे. तिथे ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते आणि बचावही, म्हणजे ही पायरी जास्त उंच.

पायरी ८ : जप्ती आली तर

सगळंच नेता येत नाही. साठ कलमाप्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्मरूढीप्रमाणे बाईने उतरवू नयेत असे दागिने, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसे जप्त होत नाहीत. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० असेल तर २१,००० हातात राहतात आणि १०,००० पर्यंत कापता येतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिन्यांपर्यंतच.

तुरुंगाची धमकी एजंट फोनवर देतात. पैशाच्या हुकूमनाम्यात दिवाणी कैदेची तरतूद आहे, पण ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यासाठी. नुसत्या गरिबीपायी कैद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये म्हटलंय. महिलांना तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटकच करता येत नाही. मात्र दरखास्तीची नोटीस आल्यावर तिथेही गैरहजर राहिलात तर ऐपत नाही हे सांगायलाही कोणी नसतं.

कोर्टाबाहेरच्या वाटा

पतसंस्था किंवा सहकारी बँक बहुधा दिवाणी दाव्याला जात नाही. ती निबंधकाकडून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ कलमाखाली वसुली दाखला घेते. तिथली नोटीस समन्साइतक्याच गांभीर्याने घ्या, कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. बँकांची २० लाख आणि त्यावरची कर्जं डीआरटीकडे जातात, तिथेही एकतर्फी आदेश होतात. फायनान्स कंपन्या करारातल्या कलमानुसार लवाद नेमतात. लवादाच्या पत्राकडे साधं कुरिअर म्हणून दुर्लक्ष केलं तर त्याचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. त्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिने, फार तर आणखी ३० दिवस. कंपनीने एकतर्फी नेमलेल्या लवादाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आहेत, पण ती हरकत घ्यायलाही कोणीतरी लागतंच.

तडजोड झाली तर

हुकूमनाम्यानंतर तडजोड होते, पैसे भरले जातात, कंपनी ‘थकबाकी नाही’ असं पत्र देते आणि माणूस मोकळा झालो म्हणून विसरून जातो. हुकूमनामा मात्र कोर्टात तसाच उभा असतो. कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची नोंद कोर्टात झाली नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ती रक्कम विचारातच घेत नाही. वादीने नोंद करणं अपेक्षित असतं. त्याने केली नाही तर तुम्ही एकविसाव्या आदेशाच्या दुसऱ्या नियमाखाली अर्ज द्यायचा, पैसे दिल्यापासून ३० दिवसांत, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा जोडून. रोख दिलेल्या रकमेला इथे फारसा आधार नसतो. म्हणून तडजोडीची रक्कम बँकेतूनच द्या, चलनावर किंवा व्यवहाराच्या तपशिलात दावा क्रमांक लिहा, आणि वसुली पूर्ण झाल्याचा आदेश रोजनाम्यात आला की त्याची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. क्रेडिट रिपोर्टमधला दाव्याचा शेरा काढायला सांगताना हीच नक्कल लागते.